रॉकेटच्या नाकावर लिंबाएवढी कणीक

"रॉकेट उडवणं? माझ्या डाव्या हातचा मळ!" अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी छाती फुगवून जाहीर केलं. नागपूरहून आलेल्या सासूबाई नुसतं "हं" म्हणाल्या. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं!

हा सगळा खटाटोप आमच्या रुहीसाठी होता. वय वर्षं बारा. "बाबा, मराठी स्कूल इज सो बोरिंग! धिस इज माय लास्ट संडे." आजीशीसुद्धा ती हल्ली खुणांनीच बोलायची. ते मला फार लागत होतं. म्हटलं, पाण्याचं रॉकेट उडवू आणि त्याचं गणित मराठीतून शिकवू. मग बघू शाळा सोडून कशी जाते!

पोरांनी सोड्याच्या बाटलीला पुठ्ठ्याचे पंख लावले, वजन केलं, बोटावर तोलून मध्य काढला, एक तृतीयांश पाणी भरलं. मी पंपाने हवा भरली. "तीन, दोन, एक!"

रॉकेट जेमतेम डोक्यावर गेलं, कोलांटी मारली आणि थेट शाळेनंतरच्या जेवणासाठी पद्मिनीकाकूंनी आणलेल्या साबुदाण्याच्या खिचडीत शिरलं! दुसरं शाळेच्या अध्यक्षांच्या गाडीखाली गेलं.

"परीक्षित, अरे उपासाची खिचडी होती ती!" काकू ओरडल्या. रुहीने जॅकेट चढवलं. "कॅन वी गो होम?"

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "परीक्षितराव, पूजा केली का?"

"आई, हे सायन्स आहे!"

"असू द्या. आम्ही सायकल आणली तरी करतो." त्यांनी पुऱ्यांच्या परातीतली कणीक घेतली, तिसऱ्या रॉकेटच्या नाकावर थापली आणि वर कुंकू, अक्षता लावल्या.

"वजन वाढलं! सगळं गणित बोंबललं!" मी डोक्याला हात लावला.

रुहीने मात्र जॅकेट काढून रॉकेट पुन्हा बोटावर तोललं. "बाबा, वेट! मध्य पुढे सरकला!" तिने तिथेच दोरी बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक सतत पुढे, म्हणजे आता कोलांटी नाही! नाक जड हवं, ही पहिलीच पायरी मी विसरलो होतो. गेली पंधरा वर्षं मी इंजिनियर आहे, हे कृपया कुणाला सांगू नका.

"तीन, दोन, एक!" रॉकेट सरळ देवदाराच्या शेंड्यावरून गेलं! रुही धावत आजीला बिलगली.

"आजी, किती ग्रॅम लावलं?"

"ग्रॅम कशाला? लिंबाएवढा गोळा!"

"पण लिंबू केवढं? आणि पंख मोठे केले तर?" प्रश्नामागून प्रश्न, सगळे मराठीत! माझे डोळे भरून आले. धुरावर ढकलावं, तर रॉकेट पाण्याचं!

मी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. "आई, पोरगी परत मिळाली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी पुऱ्या तळा. कणीक वाळतेय."

पुढच्या रविवारी रुही सगळ्यांच्या आधी गाडीत बसली होती. वर्गात गेल्यावर तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रॉकेट टीचर: आजी'. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझीही नेमणूक होती, 'पंप: बाबा'.