सिंहाच्या गुहेतलं पार्केट

एका जंगलात, जिथे झाडं पुष्कळ होती पण फर्निचर मुळीच नव्हतं, एक सिंह राज्य करीत होता. त्याचा दरबार गुहेत भरे. गुहेची जमीन मातीची. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. प्रजेला त्याचं काही वाटत नसे. बाळांनो, प्रजेला कशाचंच काही वाटायचं नसतं.

मग एकदा शहरातून एक उदमांजर परत आलं. त्याचं नाव उदेभानजी. एका बंगल्याच्या माळ्यावर तो काही वर्षं लपून राहिला होता. माळ्याला एक फट होती. फटीतून खालचा दिवाणखाना दिसायचा. तेवढ्या अनुभवावर तो आता सजावटीचा सल्लागार झाला होता.

"महाराज," तो म्हणाला, "राजा मातीवर बसतो आणि प्रजाही मातीवरच बसते. मग दोघांत फरक तो काय राहिला?"

हे महाराजांना झोंबलं. "मग करायचं काय?"

"पार्केट," उदेभानजी म्हणाला.

शब्दाचा अर्थ कुणालाच कळला नाही. म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

पार्केट म्हणजे लाकडाच्या छोट्या छोट्या पट्ट्या तिरक्या जोडून केलेली जमीन. माशाचा काटा असतो ना, तशी नक्षी. त्यासाठी ओढ्याकाठचे साग तोडले. सागांवर राहणारी माकडं बेघर झाली, पण त्यांना उद्घाटनाचं आमंत्रण मिळालं. पट्ट्या थेट मातीवर बसवल्या, कारण फटीतून पाहताना उदेभानजीला पट्ट्यांच्या खालचं काही दिसलं नव्हतं. मग खरवतीच्या खरखरीत पानांनी घासकाम झालं. लाखेचा एक हात, तो सुकल्यावर दुसरा, आणि वरून मेण. जमीन अशी चमकली की महाराजांना तिच्यात स्वतःचं तोंड दिसू लागलं. त्यानंतर त्यांनी प्रजेकडे पाहणं जवळजवळ सोडूनच दिलं.

पण आपली गोष्ट महाराजांची नाही. आपली गोष्ट केसबाची.

केसबा हे अस्वल. लांब नखं, दाट केस आणि जंगलातलं सगळ्यात तिखट नाक. वारूळ उकरायचं, आतली वाळवी ओढून खायची, हा त्याचा बापजाद्यांचा उद्योग. पोट भरत होतं. पण केसबाला पोटापलीकडची भूक होती. त्याला दरबारात बसायचं होतं. आजवर तो गुहेच्या तोंडाशी उभा राहून टाळ्या वाजवायचा, आणि टाळ्या आतपर्यंत पोचत नाहीत याचं त्याला फार दुःख व्हायचं.

जमीन झाली तसे नियम झाले. खूरवाल्यांनी सावरीच्या कापसाचे मोजे घालावेत. नखंवाल्यांनी नखं कापावीत. ओल्या पायाच्यांनी येऊच नये. महाराजांना अर्थातच नियम लागू नव्हते. पण उद्घाटनाच्या दिवशी त्यांच्याच पंजाचा एक लांब ओरखडा उठला, आणि दुसऱ्या दिवशी महाराज नखं कापून आले. कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

बिबट्या चिडून डोंगरापलीकडे निघून गेला. लांडगे कुरकुरले. केसबा मात्र सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहिला आणि त्याने विसाच्या वीस बोटांची नखं मुळापासून उतरवून घेतली.

घरी आल्यावर त्याची बायको झिपरू त्याच्या पंजांकडे बघतच राहिली.

"अहो, आता खाणार काय?"

"दरबारात मध देतात."

"रोज?"

"सणासुदीला."

"आणि पोरांना उकरून कोण घालणार?"

"अगं, पोरांना उद्या सांगता येईल, आमचे बाबा आत बसतात म्हणून."

 झिपरू उठली आणि स्वतःच वारुळाकडे गेली.

केसबाची निष्ठा पाहून महाराजांनी त्याला जमीन देखभाल समितीचा अध्यक्ष केलं. काम मानाचं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांची नखं तपासायची. आणि पार्केटला पाणी चालत नाही, कोरडंच पुसावं लागतं, म्हणून रोज सकाळी अध्यक्षांनी जमिनीवर लोळायचं. केसबाचे केस दाट. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळत जाई आणि मागे लख्ख पट्टा उमटे. उदेभानजी म्हणे, "वा! असा अध्यक्ष शहरातसुद्धा मिळत नाही." केसबा आणखी जोरात लोळे.

असाच एका सकाळी लोळत असताना त्याचं नाक दोन पट्ट्यांच्या सांध्यावर आलं आणि तो थबकला.

वास. ओळखीचा, लहानपणापासूनचा. तोंडाला पाणी सुटलं. केसबाने इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टीवर हलकेच बोट वाजवलं. ढब. शेजारची वाजवली. तीही ढब. खाली मातीतून वाळवी लागली होती आणि लाकडाखालची मातीही तिने पोखरून पोकळ केली होती. पार भिंतींपर्यंत. वरचा पापुद्रा तेवढा लाखेच्या जिवावर उभा होता. त्याचा पंजा आपसूक उकरायला गेला आणि गुळगुळीत बोटं मेणावरून घसरली.

त्याने झिपरूला सांगितलं.

"मग सांगा की महाराजांना!" ती म्हणाली.

"कसं सांगू? अध्यक्ष मीच आहे."

"अहो, माणसं... म्हणजे जनावरं पडतील."

"सांगितलं तर जमीन उखडतील. उकरायला अस्वल लागेल. म्हणजे मी पुन्हा अस्वल."

"तुम्ही आता कोण आहात?"

 दुसऱ्या दिवशी केसबाने समितीत ठराव मांडला की जमिनीला पॉलिशचा आणखी एक हात द्यावा. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता केसबाचा एक मित्र होता, रानबा. जातीचा रानडुक्कर. बोलण्यात आडदांड, मनात काही न ठेवणारा. दोघं लहानपणी एकाच माळावर हुंदडले होते. रानबा सुळ्यांनी वारूळ फोडायचा, केसबा खायचा. केसबा कंद हुंगून काढायचा, रानबा खायचा. साग तोडल्यापासून ओढ्याचा काठ खचू लागला होता आणि रानबाचं बिऱ्हाड वाहून गेलं होतं. ती तक्रार घेऊन तो दरबारात आला. केसबानेच त्याच्या खुरांना मोजे चढवले.

रानबा चार पावलं चालला आणि थांबला. एक खूर आपटला. ढब.

"महाराज, ओढ्याचं नंतर बोलू. ही जमीन पोकळ आहे. हिला वाळवी लागलीय."



उदेभानजी हसला. "उंची लाकूड बोलतं, रानबा. याला नाद म्हणतात."

"नाद नाही, वाळवी! आमच्या केसबाला विचारा. त्याच्या नाकापुढे कुणाचं नाक आहे?"

महाराज वळले. "काय रे केसबा? वास येतोय का?"

रानबा निवांत झाला होता. मित्र आहे म्हटल्यावर काळजी कसली! केसबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने खाली पाहिलं. चमकणाऱ्या जमिनीत त्याला स्वतःचंच तोंड दिसलं, म्हणून त्याने वर पाहिलं.

"मला तर मेणाचाच वास येतोय, महाराज."

"केसबा?" रानबा म्हणाला. तेवढंच.

जमिनीची बदनामी केल्याबद्दल आणि खूर आपटल्याबद्दल रानबाला ओढ्यापलीकडे हाकललं. त्याच्या पावलांचे ठसे राहिले होते. ते पुसण्याचं काम अध्यक्षांचं. केसबा त्यांच्यावरून लोळला. एका लोळण्यात गेले नाहीत.

पुढे जमिनीचा वाढदिवस आला. साऱ्या जंगलाला आवतण. कुणी कुठे बसायचं ते केसबाने ठरवायचं होतं. महाराज मधोमध, त्यांच्याभोवती मानकरी, मागे माकडं. मधली जागा सगळ्यात भुसभुशीत आहे हे त्याला ठाऊक होतं. पण राजाला मधे नाही बसवायचं तर कुठे? स्वतः तो भिंतीलगत, जिथे लाकूड संपून कातळ सुरू होतो, तिथे अंग चोरून उभा राहिला. झिपरू आली नव्हती.

उदेभानजीने जमिनीच्या टिकाऊपणावर भाषण केलं. महाराज खूश झाले आणि त्यांनी गर्जना केली.

आधी कर्र आवाज झाला. मग सगळा दरबार खाली गेला.

धूळ बसली तेव्हा खड्ड्यात महाराज होते, मानकरी होते, आणि सगळ्यांच्या अंगावर वाळवी फिरत होती. महाराजांचा पाय मोडला. जीव कुणाचा गेला नाही, कारण ही मुलांची गोष्ट आहे. माकडांचं काय झालं ते कुणी मोजलं नाही.

चौकशी खड्ड्यातच झाली. उदेभानजी नाकावरची माती झटकत म्हणाला, "रानबाने खूर आपटला तेव्हाच ती खिळखिळी झाली असणार." सर्वांना पटलं. रानबा हजर नव्हता, त्यामुळे त्यालाही पटलं असं धरलं.

मग महाराजांनी मान वर केली. सबंध दरबारात एकटा केसबा उभा होता.

"तू कसा नाही पडलास?"

"महाराजांची कृपा," केसबा म्हणाला.

असा स्थिर बुद्धीचा प्राणी दुसरा नाही, हे महाराजांना तिथेच कळलं. जुन्या जमिनीवरच नवी, दुप्पट जाड जमीन घालायचं ठरलं. उरलेले साग तोडायचं ठरलं. केसबा प्रधान झाला.

ही बातमी सांगायला तो घरी गेला. घर रिकामं होतं. शोधत शोधत तो ओढ्यापलीकडे पोचला. तिथे एक मोठं वारूळ होतं. रानबा सुळ्यांनी ते फोडत होता, झिपरू उकरत होती आणि पोरं तोंड भरभरून खात होती. त्यांच्या नाकांना माती लागली होती.

कुणी त्याला हाकललं नाही. रानबाने एकवार पाहिलं आणि पुन्हा सुळे मातीत घातले.

"जेवणार का?" झिपरूने विचारलं.

केसबाच्या पोटात कावळे ओरडत होते. तो एक पाऊल पुढे आला. मग त्याने आपली बोटं पाहिली आणि ती पाठीमागे नेली.

"नको," तो म्हणाला. "मला बैठक आहे."

आणि तो उपाशीच परत गेला, प्रधान होऊन.

तात्पर्य : बाळांनो, जमीन पोखरली आहे हे कळल्यावर जो ओरडतो, तो मूर्ख. शहाण्याने पॉलिशचा आणखी एक हात सुचवावा आणि कडेची जागा धरावी.