रुग्णसंपर्क टाळावा

तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला, नखापासून साधारण तीन मिलिमीटर खाली, एक घट्टा पडला होता. लांबी चार मिलिमीटर, रंग पिवळसर, दाबल्यास वेदना नाही. माउसचं बटण दिवसाला तीनशे वेळा दाबलं तर असा घट्टा यायला आठेक महिने लागतात, असं तिने स्वतःच्याच बोटावरून ठरवलं होतं. रुग्णाच्या छातीवर बोट आपटून आतला आवाज ऐकायचा असेल तर मधलं बोट लागतं. ते मात्र तान्ह्या बाळाच्या बोटासारखं मऊ राहिलं होतं.

ती डॉक्टर होती. म्हणजे पदवी होती, नोंदणी क्रमांक होता, आणि दारावर बाबांनी हौसेने लावलेली पाटी होती. पण विशेषज्ञ व्हायचं तर पुढे तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात शिकावं लागतं, आणि त्या जागेसाठी प्रवेशपरीक्षा असते. दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. जागा एक आणि डॉक्टर आठ, असं प्रमाण. त्यामुळे पदवी मिळालेले बहुतेक डॉक्टर डॉक्टर होण्यासाठी दोन-तीन वर्षं घरी बसत.

तिला जनरल मेडिसिन हवं होतं. ताप, दम, साखर, रक्तदाब, थोडक्यात माणसाला जे जे होतं ते सगळं. हे तिला पदवीनंतर आपत्कालीन विभागात नोकरी करताना कळलं होतं, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "मग काय घेणार?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "आधी रँक तर येऊ दे." या एका वाक्यावर तिने तीन वर्षं काढली.

पहिल्या वर्षी तिची रँक अकरा हजारांवर गेली. तेव्हा ती क्लासच्या सरांकडे गेली. शहरभर त्यांना 'पर्यायसम्राट' म्हणत आणि ते त्यांनाही आवडे.

"रोज किती पेशंट बघत होता?" सरांनी विचारलं.

"तीस-चाळीस."

सरांनी डोळे मिटले. नातेवाइकांना बाहेर बोलावून वाईट बातमी सांगताना करतात तसा चेहरा केला. "म्हणजे वर्षाला दहा हजार. अहो बाई, एवढे पेशंट बघितल्यावर डोक्यात काय राहणार?"

"पण सर, पेशंट बघूनच तर..."

"पेशंट हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे. त्याला एका वेळी तीन आजार असतात. तो वय चुकीचं सांगतो, गोळ्यांची नावं विसरतो, मधेच रडतो. याउलट परीक्षेतला पेशंट बघा. पंचेचाळीस वर्षांचा वाहनचालक, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप. किती सभ्य माणूस! मुद्द्याचं बोलतो, आणि येताना चार पर्याय घेऊन येतो."

मग त्यांनी भिंतीवरचा आलेख दाखवला. आडव्या अक्षावर रोजचे पेशंट, उभ्या अक्षावर रँक. विज्ञान शिकलेल्या मुलीने करायला हवं ते तिने केलं. आकडे उतरवून घेतले आणि घरी जाऊन तपासले. दुर्दैवाने आलेख बरोबर होता.

क्लासच्या नियमावलीत सातवा नियम ठळक अक्षरांत होता: 'रुग्णसंपर्क टाळावा. अपरिहार्य असल्यास दिवसाला एकाहून अधिक रुग्ण पाहू नये, व त्यानंतर तत्काळ पन्नास प्रश्न सोडवून मन पूर्ववत करावे.'

तिने नोकरी सोडली. आपत्कालीन विभागातल्या मोठ्या सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता थांबल्या.

"कुठे निघालात डॉक्टर?"

"डॉक्टर व्हायला."

"बरं बाई. झालात की या. तोवर आम्ही यांना धरून ठेवतो." सिस्टरनी बाकावरच्या रांगेकडे मान हलवली.

दुसऱ्या वर्षी तिने एकही पेशंट पाहिला नाही आणि रँक चार हजार आठशेवर आली. सरांनी पाठ थोपटली. "बघितलंत? औषध लागू पडतंय."

तिसऱ्या वर्षी, परीक्षेला चार महिने असताना, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई जिन्याचा कठडा धरत खाली आल्या. खुर्चीत बसून आधी दोन मिनिटं नुसता श्वास घेतला.

"अगं, चार दिवस झाले, दोन पायऱ्या चढले की दम लागतो. पाय सुजल्यासारखे वाटतायत. सून म्हणते, नाटकं आहेत. आता मी या वयात नाटकं करू होय?"

ती ऐकत होती आणि वाट बघत होती. वय सांगितलं नव्हतं. सुनेचा उल्लेख अनावश्यक होता. प्रश्न संपला की नाही तेच कळेना. शेवटी सवयीने तिच्या तोंडून गेलं, "बाई, दम, सूज, ताप आणि खोकला. यांपैकी कोणता त्रास तुम्हाला होत नाही?"

मास्तरीणबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत काढली होती. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जो होत नाही तो सांगायला कशाला जिना उतरू गं?"

परीक्षेत एका प्रश्नाला चोपन्न सेकंद मिळतात. तेवढ्यात सुचलं नाही तर खूण करून पुढे जायचं आणि शेवटी वेळ उरला तर परत यायचं, अशी शिस्त असते. चोपन्न सेकंद झाले. तिने बाईंना पाणी दिलं, "मी तुमच्याकडे परत येते हं," म्हणाली, आणि आत जाऊन मूत्रपिंडाचे प्रश्न सोडवायला बसली.

बाईंची सून सांगत होती ती नाटकं नव्हती. हृदय थकलं होतं आणि फुप्फुसाभोवती पाणी साठलं होतं. दोन दिवसांनी त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं, तिथे त्या नऊ दिवस राहिल्या. परत आल्यावर दारातूनच म्हणाल्या, "तिथे एक निवासी डॉक्टर होती, तुझ्यापेक्षाही लहान असेल. पाठीवर बोट आपटलं न आपटलं, म्हणाली, पाणी आहे. तुमच्यात ते शिकवत नाहीत का?"

योगायोग असा की त्याच आठवड्यात सराव परीक्षेत हाच प्रश्न आला. वय बासष्ट, दम, सुजलेले पाय. तिने तो अकरा सेकंदांत बरोबर सोडवला. क्लासच्या फळ्यावर तिचं नाव लागलं.

ती मात्र फळा न बघताच सरांच्या खोलीत गेली. तिने सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घाबरू नका. फार चांगलं लक्षण आहे. पर्यायांशिवाय काही सुचेनासं झालं की समजायचं, तयारी पूर्ण झाली."

एव्हाना शासनाच्याही काहीतरी कानावर गेलं होतं. परिपत्रक निघालं: 'प्रवेशपरीक्षेमुळे पदवीधर डॉक्टरांचा रुग्णांशी संबंध तुटत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, यापुढे अर्जासोबत रुग्णसेवेच्या अनुभवाचे प्रमाणपत्र व स्वहस्ताक्षरातील प्रेरणापत्र जोडणे बंधनकारक राहील. प्रेरणेस पाच गुण.'

क्लासने आठ दिवसांत दोन्हींची सोय केली. अनुभवासाठी तळघरात रबराचा एक रुग्ण आणून ठेवला. त्याच्यासमोर वीस मिनिटं उभं राहिलं की 'रुग्णसदृश व्यक्तीची समाधानकारक सेवा' असं प्रमाणपत्र मिळे. प्रेरणापत्राचा मजकूर कार्यालयातल्या कारकुनाने एकदाच बसून लिहिला आणि बाराशे मुलांनी तो स्वहस्ताक्षरात उतरवला. त्यात असं होतं की, अर्जदार सात वर्षांचा असताना त्याचे आजोबा वेळेवर उपचार न मिळाल्याने अर्जदाराचा हात हातात घेऊन वारले, आणि त्याच क्षणी अर्जदाराने ठरवलं.

"पण आजोबा तर आहेत," ती घरी येऊन म्हणाली.

आजोबा खिडकीजवळ पेपर वाचत होते. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे.

"कागदावरच ना फक्त?" बाबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"पाच गुण म्हणजे सहाशे रँकचा फरक आहे," ती म्हणाली.

पेपर खाली आला. "घाल की मग. माझं काय जातंय?" आजोबा म्हणाले. "फक्त कुठल्या साली गेलो ते सांगून ठेव. कुणी विचारलं तर दोघांचं एक यायला हवं."

समितीने बाराशे आजोबांच्या निधनाची गंभीर दखल घेतली आणि सर्वांना पाचपैकी पाच गुण दिले.

तिची रँक आली चारशे बारा.

सरांनी तिचा फोटो चौकातल्या फलकावर लावला. त्यात तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. तो छायाचित्रकाराचा होता. चारशे बाराला कोणतीही शाखा मिळते. पसंती नोंदवायची मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्या दिवशी जेवणं उरकून सगळे बैठकीत जमले: आई, बाबा, आत्या, मामा आणि कागदोपत्री नसलेले आजोबा.

सुरुवात आत्याने केली, तीही स्वतःच्या रक्तदाबापासून. "परवा त्या डॉक्टरकडे गेले. मेल्याने मान वर करून बघितलं नाही माझ्याकडे. मी बोलतेय आणि हा चिठ्ठी लिहितोय. हल्ली डॉक्टरांना माणसाशी बोलायलाच नको."

"माझ्या साखरेचं तेच," मामा म्हणाले. "तीन तास बसवतात आणि दोन मिनिटांत बाहेर. माणूस म्हणून बघतच नाहीत. बरं ते जाऊ दे. तू क्ष-किरण घे. पेशंट आत, तू काचेच्या बाहेर. तोंडसुद्धा बघायला लागत नाही."

"छे, त्वचा!" आत्या म्हणाली. "फुटकुळी काही कुणाला धावत आणत नाही. आधी नाव नोंदवून येते."

"तिलाही आयुष्य आहे की नाही?" बाबांनी समारोप केल्यासारखं म्हटलं.

तिने घसा साफ केला. "मी जरा मेडिसिनचा विचार करत होते."

आईने पुढे होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. "कुणी काही बोललं का तुला?"

"चारशे रँक आणि मेडिसिन?" आत्या म्हणाली. "मग एवढी रँक आणलीस कशाला?"

त्यावर तिने जे केलं ते तिच्या स्वभावाला धरून होतं. वही घेतली, प्रत्येकाला विचारून गेल्या वर्षीचे आजार मांडले आणि बेरीज केली. "या घराला वर्षभरात एकतीस वेळा डॉक्टर लागला. तीस वेळा मेडिसिनचा. त्वचेचा एकदा, मामांना घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ आलं होतं तेव्हा. आता माझ्यासारख्या सगळ्यांनी त्वचा घेतली तर तुम्हाला कोण बघणार?"

"म्हणजे काय?" आत्याला प्रश्नच समजेना. "लोकांची मुलं असतात ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असा भाव होता. आजोबांनीही डोलावली, आणि त्यांचं हृदय तर गेली सहा वर्षं लोकांच्या मुलांवरच चाललं होतं.

तिने मास्तरीणबाईंचं नाव काढलं. "लोकांच्या मुलीने ओळखलं, मला ओळखता आलं नाही. ते मला शिकायचंय."

"अगं, तेच तर," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुला ते येत नाही हे सिद्ध झालंय. मग जे येत नाही तिथे का जायचं? त्वचा डोळ्यांना दिसते. आपटायची भानगड नाही."

तिने आलेखासारखा हाही मुद्दा तपासून पाहिला आणि तो तिच्याच चुकीवर भक्कम उभा होता.

पावणेपाच वाजता संकेतस्थळ उघडलं. तिथे नवी सूचना होती: 'काही उमेदवार कुटुंबीयांच्या दबावाखाली शाखा निवडत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. सबब, उमेदवाराने आपली पहिली पसंती कॅमेऱ्यासमोर, एकट्याने व मोठ्या आवाजात उच्चारावी. कॅमेऱ्याच्या कक्षेत अन्य व्यक्ती आढळल्यास अर्ज बाद होईल.'

"योग्यच आहे," बाबा म्हणाले. "मुलांवर दबाव टाकतात लोक." आणि सर्वांनी आज्ञाधारकपणे कक्षा सोडली. टेबलावर लॅपटॉप, अलीकडे ती, आणि पडद्याच्या पाठीमागे अर्धवर्तुळात आई, बाबा, आत्या, मामा. आजोबांना आणखी लांब, दाराशी बसवलं. ते दिसले असते तर प्रेरणेचे पाच गुण गेले असते.

त्याच वेळी इतर घरांच्या बैठकींतही लॅपटॉप उघडले होते. तिथल्या मुलींच्या समोरही एकेक अर्धवर्तुळ उभं होतं, आणि तिथली आत्याही लोकांच्या मुलांवर विश्वास ठेवून निर्धास्त होती. आपण हे वाचताना आत्याला हसलो असलो तर आपल्या घरच्या मुलीच्या वेळी आपण कुठे उभे होतो, तेही एकदा आठवून बघावं. कॅमेऱ्याच्या मागे जागा पुष्कळ असते.

हिरवा दिवा लागला. आईने हसून दाखवलं. मामांनी बोटाने हवेत क्ष-किरणाची काच रेखून दाखवली. आत्याने आवाज न करता ओठांनी शब्द सांगितला, दोनदा.

ती ताठ बसली, कॅमेऱ्यात बघितलं आणि स्पष्ट, एकसारख्या आवाजात म्हणाली,

"माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. पहिली पसंती, त्वचा."