रोहतांगच्या वाटेवरची भरती

हिमालयात गाडी कशी न्यावी, हे पनवेलमध्ये तुळशीराम घरताइतकं कुणालाच कळत नव्हतं. अंबाल्याला कुठे वळायचं, मंडीच्या पुढे बियास नदी कुठल्या हाताला ठेवायची, कुलूला सफरचंदं कधी येतात, हे तो मिठाच्या राशीवर बसून डोळे मिटून सांगे. आता एवढं खरं, की तो स्वतः खंडाळ्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. आणि खंडाळ्याला गेला होता तोही एका वऱ्हाडाच्या लॉरीतून, झोपेत.

हे वेड लागलं एका कॅलेंडरमुळे. बंदरावरच्या एका दुकानात बर्फाच्या डोंगराचं चित्र टांगलेलं होतं. जन्म मिठागरात गेलेल्या तुळशीरामाने ते पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, एवढी मोठी रास कुणाची? ती रास नसून बर्फ आहे, हे ऐकल्यावर तो अर्धा तास चित्रापुढून हलला नाही. तेव्हापासून बर्फ हाताला कसा लागत असेल, ओला की कोरडा, रवाळ की भुसभुशीत, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी घोंगड्या आणि पेट्रोलचे डबे घेतले. तुळशीरामाने हिंदुस्थानचा नकाशा घेतला. तो ओटीवरच्या भिंतीला ठोकला, आणि दर वर्षी तांबड्या पेन्सिलीने त्यावर एक नवा रस्ता आखू लागला.

अशी बारा वर्षं गेली. एका वर्षी मिठागराचा बांध फुटला, एका वर्षी लेकीचं, वेणूचं, लग्न निघालं, आणि बाकीच्या वर्षी काहीच झालं नाही तरी जाणं झालं नाही. लोक ओटीसमोरून जाताना अगदी आदराने विचारत, यंदा कुठपर्यंत पोचलात? तुळशीरामही सांगे, यंदा पठाणकोट.

अठ्ठावन्न साली मात्र त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, विषय हातात घेतला. पावसाच्या तोंडावर मिठाच्या राशींवर गवत घालून झालं होतं, मिठागराचा हंगाम मिटला होता. तुळशीराम पेन्सिलीला टोक काढत बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली.

"यंदा बरफाला माजा हात लागला पायजे. नाय लागला, तर हा नकाशा उतरवून मी त्याच्यावर बोंबील वाळत घालीन."

चंद्रावती धमकी देत नसे, फक्त आगाऊ कळवत असे. एकदा तिने बकरी देऊन टाकते म्हटलं होतं, आणि संध्याकाळी नुसता खुंटा उरला होता. तुळशीरामाने एकदा नकाशाकडे पाहिलं. या नकाशावाचून तो पनवेलचा एक साधा मिठागरवाला होता, दुसरा कुणी नाही.

गाडीचा प्रश्न दिनानाथने सोडवला. हा समुद्रकाठच्या करंज्याचा कोळी, तुळशीरामाचा जुना दोस्त. त्याच्याकडे लष्करातून निघालेली एक जीप होती आणि तिच्यातून तो करंज्याची मासळी पनवेलला आणी. ज्येष्ठात होड्या वर ओढल्या की जीप मोकळीच असायची. दिनानाथ म्हणाला, चला. मात्र आवणीच्या आत परत यायचं, ही चंद्रावतीची अट होती. भात लावायच्या वेळी घरात नसणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

राहिली वाट. हेडमास्तरांनी वाचनालयातलं एका गोऱ्या साहेबाचं प्रवासाचं पुस्तक काढून दिलं होतं, आणि संध्याकाळी ते त्यातलं इंग्रजी मराठीत करून सांगत. शेवटच्या प्रकरणात साहेबाने लिहिलं होतं, की बर्फाच्या रोहतांग खिंडीच्या पायथ्याला एक नाला आडवा येतो. त्याला पूल नाही. तो सकाळी दहाच्या आत ओलांडावा, कारण दुपारी पाणी छातीपर्यंत चढतं आणि रात्री पुन्हा उतरतं. ते का, हे काही साहेबाने लिहिलं नव्हतं.

तुळशीराम हसला. चढतं आणि उतरतं, म्हणजे दुसरं काय असणार? चाळीस वर्षं तो तिथीवर पाणी मोजून मिठागरात घेत आला होता. भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे पनवेलच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा साहेब रोज दहा म्हणतो! साहेब लोकांना पंचांग कळत नाही, असं म्हणून त्याने वाचनालयाच्या पुस्तकातला दहाचा आकडा पेन्सिलीने खोडला. मास्तर म्हणाले, अहो, समुद्र तिथून हजारभर मैल लांब आहे.

"मास्तर, पनवेलात तरी समुद्र कुटं हाय? पन पानी येतंय ना?"

मास्तरांची जेवायची वेळ झाली होती, म्हणून ते गप्प बसले. तुळशीरामाने ती संमती धरली. मग तो आणि दिनानाथ हिशेबाला बसले. करंज्याला भरती लागली की पनवेलला पाणी यायला पाऊण तास. पंधरा मैलांना पाऊण तास, तर बाराशे मैलांना साठ तास. म्हणजे आपल्याकडची अष्टमीची संध्याकाळची भरती रोहतांगला पोचणार एकादशीच्या सकाळी सहाला. दिनानाथ दर्यावरचा माणूस. त्यालाही यात खोट दिसली नाही. पुस्तकाच्या कडेच्या कोऱ्या जागेत तिथ्यांचं कोष्टक उतरलं.

तिघांना पोचायला नऊ दिवस लागले. जीप कितीही धुतली तरी तिचा वास गेला नाही, आणि नाशकापासून दिल्लीपर्यंत प्रत्येक गावच्या मांजरांनी त्यांचं स्वागत केलं. परमुलखाचं पाणी बाधतं म्हणून तुळशीरामाने पाण्याच्या थेंबाला तोंड लावलं नाही, सगळी वाट चहावर काढली. मंडी सोडल्यावर दोन्ही बाजूंनी डोंगर उठले आणि खाली बियास फेसाळत दिसू लागली. तुळशीराम जीपच्या कडेला धरून वाकून पाहत राहिला. नकाशावर हे सगळं एवढंसं, बोटाच्या पेराएवढं होतं. आपण बारा वर्षं त्यावरून पेन्सिल फिरवत होतो, याची त्याला लाजही वाटली आणि डोळेही भरून आले.

एकादशीला सकाळी आठ वाजता ते त्या नाल्यावर पोचले. पाणी घोटाभर होतं. खेचरांचा एक तांडा पलीकडे जात होता, लष्कराचा एक ट्रकही छप छप करत गेला. दिनानाथने गिअर टाकला. तुळशीरामाने पंचांग उघडून त्याला थांबवलं. सहाला भरती होऊन गेली, पाणी आत्ता कुठे उतरायला लागलंय. भरतीला जर एवढंच पाणी, तर बाराच्या ओहोटीला वाट खडखडीत कोरडी पडणार. मग इंजिन भिजवायचं कशाला? दिनानाथला पटलं. जीप काठावरच्या गोट्यांत लावून ते उतरले. खेचरवाला हिंदीत ओरडून सांगत होता, की अभी निकलो, बाद में पानी आएगा. तुळशीरामाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

काठावर लाहूलकडच्या एका बाईचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक तंबू आणि एक चूल. तिने लाकडी वाट्यांतून चहा दिला. तुळशीरामाने घोट घेतला आणि तो ताडकन उभाच राहिला.

"खारट! दिनानाथ, पानी खारट हाय!"

दिनानाथने चाखलं. खारटच होतं. वर लोण्याचे डोळे तरंगत होते, पण ते इकडची पद्धत म्हणून सोडून दिलं. तुळशीरामाचा चेहरा उजळला. आता मास्तर काय म्हणतील? बाराशे मैलांवर खाडीचं पाणी! त्या आनंदात त्याने तो चमत्कारिक चहा आणखी तीन वाट्या प्यायला, आणि मग तिघंही ओहोटीची वाट पाहत बसले.

बाराला पाणी गुडघ्यापर्यंत आलं. एकला मांडीपर्यंत. तुळशीराम म्हणाला, डोंगराच्या चढामुळे भरतीला उशीर झाला असेल. तीनला काठावरच्या जीपच्या बैठकीवरून पाणी वाहू लागलं. शेवटी खेचरवाल्यांनीच दोर लावून ती बाहेर ओढून काढली. काढताना ते काहीच बोलले नाहीत, हे फार वाईट झालं. बोलले असते तर उत्तर तरी देता आलं असतं.

रात्र चहावालीच्या तंबूत काढली, आणि दुसरा दिवस इंजिन सुकवण्यात गेला. दिनानाथने एकेक भाग काढून दगडांवर उन्हात मांडला, आणि ते सगळं मासळी बाजारासारखं दिसू लागलं. तुळशीराम नवं कोष्टक करत बसला. चंद्रावती चहावालीपाशी चुलीजवळ जाऊन बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दिवसभर गप्पा चालल्या होत्या. दुपारी ती नवऱ्याला काहीतरी सांगायला आली. तुळशीराम म्हणाला, थांब, आकडा चुकेल. ती थांबली नाही, परत गेली.

तिसरा दिवस शेवटचा. आज रोहतांग झाला नाही, तर जीप वळवून आवणीला घरी पोचायला हवं होतं, आणि घरी गेल्यावर नकाशा भिंतीवरून उतरणार होता. पण तुळशीरामाला आता खात्री होती. परवा आठला पाणी कमी होतं, म्हणजे ओहोटी आठची. रोज पन्नास मिनिटं पुढे, म्हणजे आज नऊ चाळीस. दहाला गाडी पाण्यात घालायची, त्याआधी नाही, असं ठरवून तो निवांत झोपला. उठला तेव्हा साडेआठ झाले होते आणि चंद्रावती तंबूत नव्हती.

"वहिनी उजाडतानाच गेल्या, खेचरांबरुबर," दिनानाथ खाली बघत म्हणाला. "मी म्हनालो, दहाला सगळेच निघू. तर म्हनाल्या, दहाला मी परत येते."

तुळशीराम काठावर धावला. घड्याळ हातात, पंचांग काखेत. नऊला पाणी घोट्याच्या वर आलं होतं. नऊ चाळीसला, म्हणजे त्याच्या ओहोटीच्या नेमक्या मुहूर्ताला, ते गुडघ्याला लागलं आणि त्यात धोंडे गडगडू लागले. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. उभ्या आयुष्यात त्याने पाणी चढलेलं असंख्य वेळा पाहिलं होतं, पण पाण्याची भीती त्याला आज पहिल्यांदा वाटली. नकाशा गेला खड्ड्यात, त्यावर बोंबील घाल नाहीतर सुकट घाल, पण तू ये, असं तो मनात म्हणत राहिला.

दहाला ती पलीकडे दिसली. एका हातात पितळेचा डबा होता. तिने पाण्याकडे बघितलं, डबा डोक्यावर घेतला, आणि मिठागरात उतरावं तशी सरळ आत उतरली. तिचं लुगडं मुळातच गुडघ्यापर्यंतचं, त्यामुळे आवरण्यासारखं काही नव्हतं. मधोमध ओढ लागून तिचा पाय घसरला. तुळशीराम घड्याळ, पंचांग सगळ्यासकट पाण्यात शिरला आणि त्याने तिचा दंड धरला. काठावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की काखेतलं पंचांग खाली बियासकडे चाललंय.

चंद्रावतीने डबा उघडला. आत अर्धं पाणी होतं आणि त्यात मूठभर पांढरा बर्फ तरंगत होता.

"घ्या. बारा वर्सं विचारत होतात ना."

तुळशीरामाने बोटं घातली. ओला होता, रवाळ होता, आणि इतका गार की बोटं मिटेनात. मग मिठागरवाल्याने जे करायचं तेच त्याने केलं. चिमूटभर उचलून जिभेवर टाकला.

"आळनी हाय," तो हळूच म्हणाला.

"आळनीच असनार. तो उन्हानं वितळतो नि दुपारी हितं येतो. परवापासून ती बाय मला हातानं डोंगर दावते, ऊन दावते, पानी दावते. तुमी आकडे मांडत होतात."

"मंग चहा खारट कसा?"

"ती मिठाचा खडा टाकते त्यात. माज्यासमोर टाकला. दगडाचं मीठ हाय, आपल्यासारकं नाय." चंद्रावतीने डब्याचं झाकण लावलं. "जनम गेला मिठात, नि तीन दिस काठावर बसून नाल्याचं पानी एकदा चाखलं नाय तुमी."

तुळशीराम नाल्याकडे वळला. तो वाकला, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायला. गोड होतं. दिनानाथने जीप घराच्या दिशेला वळवली.

नकाशा भिंतीवर राहिला, कारण बोली चंद्रावतीच्या हाताची होती आणि तो बर्फाला लागला होता. आता लोक ओटीसमोरून जाताना थांबतात, पण वाट विचारतात ती तिला. तुळशीराम शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढतो. परत आल्यावर महिनाभर तो वाचनालयाकडे फिरकला नाही. शेवटी हेडमास्तरांनीच माणूस पाठवून पुस्तक मागवून घेतलं. शेवटचं प्रकरण उघडून बघतात, तर खोडलेला दहाचा आकडा पुन्हा ठळक काढलेला, कडेचं सगळं कोष्टक आडव्या रेघेने मारलेलं, आणि त्याखाली तुळशीरामाच्या चौथ्या यत्तेच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली होती:

'साहेबाचे बरोबर आहे. तरी पाणी आधी चाखून पाहावे.'