म्हातारीला विजेचं डोकं

"गिअर म्हणजे शेवटी काय? दातच ना?" डॉक्टर मेहुण्याला म्हणाले. "आणि दात म्हटलं की माझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती आहे?"

मेहुण्याची तर नव्हतीच. तो एसी विकायचा, आणि समोरचा जे बोलेल त्याला मान डोलवायचा. धंद्यात ती सवय लागते. आता, हे डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर आणि दवाखान्याला लागून गॅरेज. त्या गॅरेजात उभी होती एक जुनी, लाल, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार.

गाडी सासऱ्यांची. सासरे निवृत्त न्यायाधीश, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा अप्पांनी गाडी जावयाच्या हवाली केली, पण तीसुद्धा निकाल वाचून दाखवावा तशी. "धुवा, पुसा, चालवा. पण हिच्यातला एक स्क्रूही बदलायचा नाही. समजलं?"

"समजलं, अप्पा," डॉक्टर म्हणाले होते.

पण गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आता अगदीच थकला होता. दिसायला चित्ता आणि चालायला कासव! पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जायचं म्हटलं की ती आधी विचार करायची, मग उसासा सोडायची आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका द्यायची. डॉक्टर तिला थोडं लाडाने आणि बरंचसं वैतागाने 'म्हातारी' म्हणायचे. परवा तर हद्द झाली. टेकडीच्या चढावर बाबागाडी ढकलणारी एक बाई त्यांना मागे टाकून पुढे गेली. वर मागे वळून विचारते, "धक्का देऊ का?"

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी पार्सल मागवलं. साबणाच्या डबीएवढा एक खोका, वायरींचा जुडगा आणि गिअरबॉक्सच्या पोटात बसवायच्या विजेच्या झडपा. आजवर गिअर बदलायचा तो तेलाच्या दाबाच्या मर्जीने. आता तो हा खोका बदलणार आणि खोक्याला हुकूम सुटणार मोबाईलवरून! पडद्यावर बोट सरकवलं की गिअर लवकर पडेल, सावकाश पडेल, नाहीतर धाडकन पडेल.

"अप्पांना कळलं तर?" मेहुण्याने विचारलं. "तुम्हाला नुसतं बोलतील हो. मला घराबाहेर काढतील. मी मुलगा आहे त्यांचा."

"बाहेरून ओरखडासुद्धा दिसणार नाही! उलट रविवारी गाडी टेकडी चढेल ना सुळकन, तेव्हा तेच म्हणतील, जावयाने काय निगा राखली आहे!"

रविवारी टेकडीवरच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. अप्पांनी गाडीचं नाव स्वतः नोंदवलं होतं, तेही 'मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्या' या गटात. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. त्यांनी त्याचा विचार तेवढा केला नव्हता.

शनिवारी सकाळी दवाखान्यात पेशंट नाही असं बघून दोघं गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, हे डॉक्टरांनी वाचलं होतं. ते किती जोरात बाहेर येतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटचा बोल्ट सुटला आणि भस्सकन! डॉक्टरांचा पांढराशुभ्र कोट वरपासून खालपर्यंत लाल झाला. मेहुणा घरातलं मोठं पातेलं घेऊन धावला, तोवर निम्मं तेल डॉक्टरांच्या कोटाने पिऊन टाकलं होतं.

अप्पा आणि सासूबाई दुपारी येणार होते. ते सकाळीच आले! अप्पा कठड्याला धरून जिना चढू लागले. सासूबाईंना मात्र दम धरवेना. जावई त्यांना नवी कवळी बसवून देणार होता. त्या थेट दवाखान्यात गेल्या. तिथे कुणीच नाही. गॅरेजच्या दाराआडून आवाज येत होते, म्हणून त्या तिकडे वळल्या आणि जागीच थबकल्या.

"म्हातारीचे दात पार झिजलेत रे," जावई म्हणत होता. "नुसती डागडुजी करून भागायचं नाही."

"मग काय करायचं, भाऊजी?" हा पोटचा मुलगा!

"डोकंच बदलायचं! जुनं काढून फेकू, विजेचं बसवू. मग मोबाईलवर नुसतं बोट फिरवायचं, म्हातारी आपण म्हणू तशी पळते की नाही बघ!"

"आणि अप्पा?"

"त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. त्यांना वाटेल, हीच ती जुनी."

सासूबाईंनी दार बोटभर उघडलं. आत जावई उभा, हातात पक्कड, कोट लालभडक. शेजारी मुलगा पातेलं धरून! त्यांनी दार आवाज न करता लावलं आणि एरवी दर वळणावर दम खाणाऱ्या सासूबाई अख्खा जिना एका दमात चढून गेल्या. वाटेत त्यांनी अप्पांनाही मागे टाकलं.

जेवायला सगळे बसले. सासूबाई तोंड उघडेनात. वरण नाही, भात नाही, ओठ घट्ट मिटलेले. लेकीने विचारलं, "आई, बरं नाही का?" त्यांनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. अप्पांनी घसा खाकरला.

"जावईबापू, एक प्रश्न विचारतो. उत्तर हो किंवा नाही, एवढंच द्या. आज सकाळी तुम्ही 'म्हातारीचं डोकं बदलायचं' असं म्हणालात?"

मेहुण्याला ठसका लागला. डॉक्टरांचा घास हातातच राहिला. गाडीबद्दल बोलत होतो म्हणावं, तर अप्पांचा हुकूम मोडल्याची कबुली! न म्हणावं, तर सासूबाईंचं डोकं बदलण्याचा आरोप! इकडे आड, तिकडे विहीर आणि समोर न्यायाधीश!

"म्हणालो," डॉक्टर म्हणाले. "पण ते कवळीबद्दल! नवीन तंत्र आलंय, अप्पा. कवळीचा जो मुख्य भाग असतो ना, त्याला आम्ही डोकं म्हणतो."

"आणि मोबाईल?"

"मोबाईलवर कळतं, कशी बसलीय ते. जरा मागेपुढे करता येतं."

"आणि पळवायचं काय?"

"चावण्याचा वेग हो!"

"आणि मला पत्ता लागू द्यायचा नाही, तो का?"

"सरप्राईज!" मेहुणा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या डोक्याने बोलला होता.

"हं," अप्पा म्हणाले आणि वरण वाढून घेतलं. निकाल राखून ठेवला होता, एवढंच.

डॉक्टरांच्या बायकोला सगळं माहीत होतं. हात धुताना ती कानात पुटपुटली, "अहो, आईने विचारलं की सेल कुठे घालायचे, तर काय सांगणार आहात?"

"रविवार तर निघू दे!"

दुपारी डॉक्टरांनी सासूबाईंना कवळी बसवली. साधी कवळी, पण झकास झाली होती. सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरून विचारलं, "चालू आहे?"

"आहे."

त्यांनी बिस्किटाचा तुकडा तोडला. "जरा जास्तच वेगात आहे हो," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी खोका सीटखाली बसला, वायरी जोडल्या, नवं तेल भरलं. डॉक्टरांनी गल्लीत एक फेरी मारली. काय सांगावं! लोण्यातून सुरी फिरावी तसे गिअर पडत होते. मेहुण्याने आनंदाने टाळी वाजवली आणि डॉक्टरांना रात्री अगदी गाढ झोप लागली.

रविवारी मेहुणा आणि डॉक्टरांची बायको दुसऱ्या गाडीने पुढे गेले. स्पोर्ट्स कारमध्ये डॉक्टर, शेजारी टोपी घातलेले अप्पा आणि मागे, पिशवी ठेवण्यापुरत्या सीटवर, सासूबाई. "कवळीचा मोबाईल जिथे, तिथे मी," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. मोबाईल समोर काचेपाशी अडकवलेला होता.

सपाट रस्त्यावर गाडी हंसासारखी तरंगत निघाली.

"अरे वा! हिसका गेला की हिचा," अप्पा म्हणाले.

"निगा, अप्पा. निगा!"

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण चढ आला, आणि डॉक्टरांना वाटलं, जरा जोर दाखवावा. त्यांनी मोबाईलवर बोट सरकवलं. गिअर पडला. खट्! त्याच क्षणी मागे नवी कवळी वाजली. कट्!

"अहो!" सासूबाई किंचाळल्या. "याने बोट लावलं आणि माझा जबडा मिटला!"

"योगायोग, आई!" डॉक्टरांनी घाईघाईने बोट उलटं सरकवलं. खट्! कट्!

"पाहिलंत? माझ्या तोंडाशी खेळतोय हा! माझे दात माझे मी सांभाळेन!" आणि जावयाच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी मोबाईल उपटला. "बंद कुठे करायचं हे? हे लाल बटण?"

"आई, लाल नको!"

लाल म्हणजे शर्यतीचं बटण! गाडीने खालचा गिअर धरला आणि इंजिनाने अशी डरकाळी फोडली की डॉक्टर सीटला चिकटले. घाबरून त्यांनी पाय दाबला, तो नेमका ॲक्सिलरेटरवर! अप्पांची टोपी खिडकीतून उडाली. कोपऱ्यावर बाबागाडीवाली बाई उभी होती. म्हातारी तिच्यासमोरून अशी गेली, की तिने बाळाला विचारलं असेल, "तुला दिसलं का रे काही?"

"थांबव! थांबव!" म्हणत सासूबाई सापडेल ते बटण दाबत होत्या. खट् कट्, खट् कट्, खट् कट्! दोन टंकलेखक पैजेवर बसल्यासारखा आवाज! चढ कधी संपला ते कळलं नाही. मैदानाच्या दाराची फीत नाकावर घेऊन गाडी आत घुसली, डॉक्टरांना अखेर ब्रेक सापडला आणि परीक्षकांच्या टेबलापासून वीतभर अंतरावर ती थांबली.

परीक्षक हातातला चहाचा कप तसाच धरून उभे होते.

"न्यायाधीशसाहेब," ते चाचरत म्हणाले, "हिचा गिअरबॉक्स... मूळचाच ना?"

अप्पांनी सावकाश मान वळवून जावयाकडे पाहिलं. डॉक्टरांचा बांध फुटला. "अप्पा, म्हातारी म्हणजे गाडी! विजेचं डोकं तिलाच बसवलंय! आईंची कवळी एकदम साधी आहे, शपथ!"

अप्पा गप्प. त्या शांततेत पूर्वी कितीतरी लोक जन्मठेपेची वाट बघत उभे राहिले असतील. पण बोलल्या त्या सासूबाई, मागच्या सीटवरून.

"मूळचा कसला डोंबलाचा? मूळचा क्लचवाला होता! गाडी चालवायची मी. क्लच दाबून माझा पाय भरून यायचा, म्हणून यांनी हा ऑटोमॅटिक बसवला. यांना कुठे येत होती धड चालवता!"

मैदानात हशा उसळला. अप्पांचे कान गाडीच्या रंगाचे झाले. "हे एवढं नोंदीत घेऊ नका," ते परीक्षकांना हळूच म्हणाले.

परीक्षकांनी गाडी त्या गटातून काढली आणि 'हौसेने बदललेल्या गाड्या' या गटात टाकली. चढ चढताना तिला अख्ख्या मैदानाने पाहिलं होतं. पहिला नंबर! अप्पांनी ढाल घेतली, टाळ्या घेतल्या आणि मग जावयापाशी येऊन म्हणाले, "हुकूम मोडलात. शिक्षा होणार."

"काय, अप्पा?"

"परतीला मागे बसायचं."

आणि परतीला सासूबाई बसल्या स्टिअरिंगवर! त्यांनी सगळ्यात आधी लाल बटण दाबून घेतलं. डॉक्टर मागे पिशवीच्या जागी, गुडघे कानाशी आणि मांडीवर ढाल, असे घरी आले. चढाचा झाला होता उतार, त्यामुळे अप्पा वाटभर डोळे मिटून होते. पण ओठांवर हसू होतं.

एवढ्यावर भागलं म्हणून डॉक्टर सोमवारी शीळ घालत दवाखान्यात उतरले. दार उघडतात तर काय, बाहेर बाकावर, पायरीवर, फाटकापर्यंत आजी-आजोबांची ही रांग! सासूबाई सकाळी फिरायला गेल्या होत्या. जावयाच्या शपथेवर त्यांचा अजिबात विश्वास बसला नव्हता आणि आपल्या नव्या कवळीचे पराक्रम त्यांनी बागेतल्या प्रत्येक बाकावर सांगितले होते.

पहिले आजोबा आत आले, खुर्चीत बसले आणि आधी त्यांनी खिशातून मोबाईल काढून डॉक्टरांच्या हातात दिला.

"तीच बसवा, डॉक्टर," ते म्हणाले. "फक्त ते लाल बटण तेवढं नको. घरात नातवंडं आहेत."