तात्यांचा ताळा

आमचे थोरले दीर, तात्या, गोठ्याची कडी लावत, दहा पावलं जात, परत येऊन ती हलवून बघत आणि मग म्हणत, "ताळा बसला." ताळा म्हणजे गणिताचं उत्तर उलटं करून तपासणं, चौथीपर्यंत मीही ते शिकले होते. तात्या तो सगळ्यालाच लावत. तरुणपणी मुलगी बघायला गेले, पसंत आहे म्हणाले आणि ताळा बघायला म्हणून चार दिवसांनी पुन्हा जाऊन बसले. मुलीच्या बापानं हात जोडले. लग्न राहिलं ते राहिलंच.

माझ्या सुमनला पाढे त्यांनीच शिकवले. पुढं तिला गणितात गावात कुणाला पडले नव्हते एवढे गुण पडले आणि गणित घेऊनच बीएस्सी करायचं म्हणून ती अडून बसली. पण कॉलेज सातारचं की सांगलीचं? आमचे हे म्हणाले, "तात्या ठरवंल."

तात्या घोंगडं घेऊन निघाले. दोन्ही ठिकाणी गणिताच्या वर्गाच्या खिडकीखाली आठ आठ दिवस बसले. सांगलीत शिपायानं हटकलं.

"आवं म्हातारबा, हितं काय बगताय?"

"मास्तर."

"आतलं कळतंय व्हय तुमास्नी?"

"गणित न्हाई कळत. मास्तर कळतोय."

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. "सातारचा मास्तर चुकतच न्हाई. सांगलीचा मधीच अडला, पोरांकडं वळून 'माझं चुकलं' म्हणला आन् सगळा फळा पुसला. पोरगी तितंच घालायची."

सुमन सांगलीला गेली. सुट्टीत आली की एस्टीतून उतरायच्या आधीच तात्या खालून ओरडत, "ताळा बसला का गं?" ती खिडकीतून हसून मान हलवी.

दोन वर्षांनी कळलं, त्या कॉलेजात गणित दुसऱ्या वर्षापर्यंतच होतं. शेवटच्या वर्षाला गणित हवं तर दुसरं गाव गाठायचं. आठ दिवस खिडकीखाली बसलेल्या तात्यांनी कचेरीत एवढं एकच विचारलं नव्हतं.

"आता आनि दुसऱ्या गावाला? लय झालं शिक्षान," हे म्हणाले. पाटणकडचं स्थळ आलेलंच होतं.

तात्या सुमनसमोर येऊन उभे राहिले. "माझं चुकलं, पोरी," म्हणाले आणि भिंतीवरून उगाच हात फिरवला. "हितं पुसायला फळा बी न्हाई."

"असू द्या, तात्या," ती म्हणाली. "माझ्या वह्या तेवढ्या ठेवा तुमच्यापाशी."

लग्न झालं. तेव्हापासून तात्या कडी एकदाच लावतात आणि मागं न बघता शेताकडं चालू लागतात. 'ताळा' हा शब्द घरात कुणी काढत नाही. वह्या त्यांच्या उशाला असतात.

थोरल्या दिरांशी आमच्याकडं बोलत नाहीत. इतक्या वर्षांत मीही कधी बोलले नाही. ते दहा पावलं गेले की मी गोठ्यापाशी जाते आणि कडी हलवते. जोरात, त्यांना ऐकू जाईल अशी.

ते थांबतात. वळत मात्र नाहीत.