पाचशे माद्यांचं जेवण

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता डॉक्टरबाईंच्या प्रयोगशाळेत पाचशे माद्या उपाशी बसल्या होत्या आणि त्यांना रक्त पाजणारं यंत्र बंद पडलं होतं. माद्या डासांच्या. डॉक्टरबाईही डासांच्याच. डासांमधून विषाणू कसे पसरतात यावर त्यांनी पीएचडी केली होती, त्यामुळे इमारतीतलं कुणी खोकला घेऊन दारात आलं की "मी माणसांची डॉक्टर नाही हो" एवढं सांगून त्या मोकळ्या होत.

यंत्र बंद पडलं तर एरवी कुणाचं काही अडत नसे. डासांची खोली सांभाळायला मावशी होत्या. पिंजऱ्याला शिवलेल्या कापडी बाहीतून मावशी एक हात आत सरकवायच्या आणि दुसऱ्या हाताने पेपर वाचायच्या. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. पण मावशींची लेक दोन आठवडे आधीच बाळंत झाली आणि मावशी हातासकट तिकडे निघून गेल्या.

आता मादीला रक्त मिळालं नाही तर ती अंडी घालत नाही. अंडी नाहीत तर तीन आठवड्यांनी नवे डास नाहीत. आणि बरोबर तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंना विषाणूची कुलूपबंद खोली मिळणार होती, तीही जेमतेम वीस दिवसांसाठी. विषाणू डासाच्या पोटातून लाळेत पोचायला किती दिवस लागतात आणि उकाडा वाढला की त्यातले किती कमी होतात, हे त्यांना मोजायचं होतं. त्या खोलीसाठी त्या तीन वर्षं रांगेत उभ्या होत्या. हा नंबर हुकला असता तर पुढचा कधी, ते खोलीच्या कुलपालाही माहीत नव्हतं.

"मी दिला असता हात," तंत्रज्ञकाका म्हणाले. काकांना निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि नियमाबाहेर त्यांनी आजवर शिंकसुद्धा दिली नव्हती. "पण विषाणूच्या खोलीत जाणाऱ्याने या डासांना रक्त द्यायचं नाही, असा नियम आहे."

"कुणी केला हा मूर्ख नियम?"

"तुम्हीच. खाली सही आहे तुमची."

काकांनी बोटांवर हिशेब मांडला. "त्या खोलीत कधी न गेलेला, डेंगी न झालेला आणि डासांना मनापासून आवडणारा माणूस पाहिजे. तासाभरात."

डॉक्टरबाईंचा चेहरा एकदम उजळला. असा माणूस त्यांच्या घरातच होता.

त्यांचे यजमान एका कॉलेजात ग्रंथपाल होते. जगातले सगळे डास आपल्याला शोधत असतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. "माझं रक्तच तसं आहे, मी तरी काय करू?" असं ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यात म्हणाले आणि त्याच आठवड्यात पंख्याखालची जागा त्यांना मिळाली. पुढे हळूहळू संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालणं त्यांना माफ झालं, मग जिन्यातला कचरा, मग सासुरवाडीच्या अंगणातल्या गप्पा. काही माणसांच्या अंगाच्या वासाकडे डास जास्त ओढले जातात हे डॉक्टरबाईंना शास्त्राने ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी कधी शंका घेतली नाही. उलट व्याख्यानात त्या अभिमानाने सांगायच्या, "अशी माणसं असतात. एक तर मी घरातच पाळलाय."

त्यांनी फोन लावला. "अहो, आत्ताच्या आत्ता इकडे या. तुमचा हात हवाय."

"कसली सही आहे?"

"सही नाही. चावून घ्यायचंय."

पलीकडून आवाज आला, "अगं, पण रविवारी?"

"त्यांना वार कळत नाही."

"आणि मला काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही. हे डास जन्मापासून या खोलीबाहेर गेलेले नाहीत. तुमच्यापेक्षा निरोगी आहेत. अहो, माझ्या तीन वर्षांचा प्रश्न आहे. आणि एकोणीस वर्षं तुम्हीच सांगताय ना, की डास तुमच्यावर तुटून पडतात?"

एकोणीस वर्षं सांगितलेलं फोनवर एका दमात कसं फिरवणार? ग्रंथपाल निघाले. मात्र एकटे निघाले नाहीत.

"माझ्या लेकाचं रक्त डासांना पाजायचं, आणि मला साधं विचारायचंही नाही!" प्रयोगशाळेच्या दारातच सासूबाईंनी तोफ डागली. पर्समधून त्यांनी मलमाच्या दोन ट्यूब आणल्या होत्या. सून काय काम करते हे त्यांनी आजवर कधी नीट विचारलं नव्हतं. नातेवाइकांत त्या "सून संशोधन खात्यात आहे" एवढ्यावर विषय संपवायच्या, कारण 'डास पाळते' हे सांगायला त्यांना कसंतरीच व्हायचं.

काकांनी संमतीचा फॉर्म पुढे केला. ग्रंथपालांनी तो तळटीपांसह दोनदा वाचला. मग तपासणीसाठी बोटाला सुई टोचली, तर ते असे ओरडले की सासूबाईंनी एक ट्यूब तिथेच उघडली. अखेर पांढरे डगले चढवून, दोन दारं ओलांडून सगळे डासांच्या खोलीत आले. ग्रंथपालांनी डोळे घट्ट मिटले आणि बाहीतून हात पिंजऱ्यात घातला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"झालं का?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. "फार आग होतेय."

"आग कसली होतेय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकही बसलेली नाही."

ग्रंथपालांनी डोळे उघडले. पाचशेच्या पाचशे माद्या समोरच्या जाळीला चिकटून बसल्या होत्या.

"लाजत असतील," ते म्हणाले.

"फुंकर मारा. श्वासाच्या वासाने येतात."

त्यांनी गाल फुगवून फुंकर मारली. वीस-पंचवीस जणी उडाल्या, हातापर्यंत आल्या, घिरट्या घातल्या आणि पुन्हा जाळीवर जाऊन बसल्या.

"पाहून गेल्या," काका म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'दहा मिनिटं. शून्य.'

"शून्य काय लिहिताय लगेच!" ग्रंथपाल चिडले. "साबणाचा वास येत असेल हाताला."

हात धुतला. पुसला. दुसरा हात घातला. बाही कोपराच्या वर सरकवली. काकांनी आणखी एक शून्य लिहिलं. मघाशी सुईला घाबरलेला माणूस आता पिंजऱ्याला नाक लावून अजिजी करू लागला. "अगं, चाव ना! एक तरी चाव! लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवा माझी!"

डॉक्टरबाई नवऱ्याकडे बघत होत्या. एकोणीस उन्हाळे त्या भिंतीकडच्या बाजूला घामाघूम होऊन झोपल्या होत्या, हे त्यांना आत्ता, अगदी मोजून, आठवत होतं. पण भांडायला वेळ नव्हता. अकरा वाजले होते आणि त्यांना खरंच रडू यायच्या बेतात होतं. तीन वर्षांची रांग डोळ्यांसमोर विरघळत होती.

त्यांच्याआधी सासूबाईंचा तोल गेला. स्थळाने मुलगा नापसंत केल्यासारख्या त्या लाल झाल्या होत्या. "काय कमी आहे गं माझ्या मुलात?" त्यांनी पिंजऱ्यालाच विचारलं. "शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, आणि तुम्ही नाकं मुरडताय? सरक रे बाजूला. मी बघते कोण नाही म्हणतं ते!"

"आजी, आधी फॉर्म," काका आडवे आले.

सासूबाईंनी न वाचता सही ठोकली, बोट पुढे केलं, हूं की चूं न करता तपासणी करून घेतली आणि बांगड्या काढून मुलाच्या हातात दिल्या. मग त्यांचा हात बाहीत शिरला.

जाळी एका क्षणात रिकामी झाली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी दिसेना. पाठीमागच्या माद्या पुढच्यांच्या डोक्यावरून जागा शोधत होत्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नोंद करायचं सोडून नुसतं पाहिलं.

"आई, दुखत नाही ना?" डॉक्टरबाईंनी घाबरत विचारलं.

"गुदगुल्या होतात नुसत्या." सासूबाईंचा राग केव्हाच उतरला होता. सत्तर वर्षांत त्यांच्या हातचं इतक्या आवडीने कुणी खाल्लं नव्हतं. "हळू, हळू गं. सगळ्यांना मिळणार आहे. ती कोपऱ्यातली बघ, अशक्त आहे बिचारी. तिला जागा द्या."

वीस मिनिटांनी पाचशे पोटं लालबुंद झाली. डॉक्टरबाईंनी न राहवून सासूला मिठी मारली. बाहेर येऊन ग्रंथपालांनी दुसरी ट्यूब उघडली, पण आपल्याला ती कुठे लावायची हे त्यांना सुचेना.

त्या दिवसापासून घरात निराळंच सुरू झालं. सून दारात चप्पल काढते न काढते तोच सासूबाई विचारायच्या, "घातली का अंडी?" मग, "किती घातली?" मग, "सगळी फुटली ना? पाण्यात आहेत ना नीट? रात्री गार तर पडत नाही?" नातेवाइकांच्या फोनवर त्या आता अर्धा अर्धा तास डासांवर बोलत. ज्यांना आजवर काही सांगितलं नव्हतं त्यांना आता काही सांगायचं बाकी ठेवलं नाही. तीन आठवड्यांनी चांगल्या दोन हजार नव्या माद्या पंख फुटून तयार झाल्या, तेव्हा सासूबाईंना कोण आनंद झाला.

त्याच सकाळी डॉक्टरबाई घाईघाईने डबा भरत होत्या. "आज एकदाच्या सगळ्या विषाणूच्या खोलीत न्यायच्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"त्यांना विषाणू मिसळलेलं रक्त पाजायचंय आता."

सासूबाई उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या रक्तावरच्या नाती त्या, आणि त्यांना तू आजार पाजणार? आजीच्या डोळ्यांदेखत? मग माझा हात पुन्हा मिळायचा नाही, सांगून ठेवते."

मागे उरलेल्या जुन्या माद्यांना पुन्हा रक्त लागणार होतं. यंत्राचा सुटा भाग अजून समुद्रातच होता आणि मावशी नातवात अशा रमल्या होत्या की फोनसुद्धा उचलत नव्हत्या. खोलीचे वीस दिवस मात्र आजपासून सुरू झाले होते.

"आई, ऐका तरी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना काही होत नाही त्याने. विषाणू पोटात घेऊन डास मजेत उडत असतो."

"ताप नाही? अशक्तपणा नाही?"

"फारसं काहीच नाही. आजारी पडतो तो माणूस. त्या ज्याला चावतील तो अंथरूण धरतो."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "म्हणजे स्वतः ठणठणीत राहायचं, आणि ज्याच्या घरी जाऊन बसतील त्याला आडवं करायचं?"

"अगदी तसंच."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

"मी मेली उगीच जीव टाकत होते. त्या माझ्यावर गेल्याच नाहीत. त्या याच्या आत्यावर गेल्यात."

"आई!" पेपराआडून ग्रंथपाल ओरडले.

"तू वाच रे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुनेच्या हातात डबा दिला. "जा गं तू, उशीर नको करूस. खुशाल पाज."