बदली राणी

राणीसाहेब एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम बसवत होत्या, तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. खिशात सेनापती होता. सकाळपासून तो महालाच्या दारात तलवार टेकून उभा होता आणि त्याला हुकूम हवा होता.

"आता खालची ओळ वाचा," राणीसाहेब म्हणाल्या.

"धूसर दिसतंय हो."

फोन पुन्हा थरथरला. आता प्रधानजीही येऊन उभे राहिले असणार.

"तूर्त वेशीचे दरवाजे बंद करा," राणीसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

गिऱ्हाईक फ्रेमसकट वळलं. "कसले दरवाजे?"

"डोळा! डावा डोळा बंद करा म्हटलं मी."

चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी ही बाई राणी कशी झाली, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी टीव्हीवर एका किल्ल्याची मालिका लागायची. एके दिवशी राणीने तळघराच्या कडीला हात घातला आणि मालिका तिथेच बंद पडली. पुढे काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. बाकीचं जग दुसऱ्या मालिकेला लागलं. पण काही जीव असे असतात, की त्यांना अर्धवट राहिलेली गोष्ट घशात अडकलेल्या घासासारखी छळते. गावोगावचे असे जीव फोनवर एकत्र आले आणि त्यांनी 'उरलेला दरबार' मांडला. एकेकाने एकेक पात्र वाटून घेतलं आणि गोष्ट पुढे लिहायला सुरुवात केली. सेनापतीने लिहायचं, 'मी आत येतो'. राणीने लिहायचं, 'कुणी बोलावलं होतं?' तिथून पुढे प्रधानजी. कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. गोष्टीसाठी एक खोली होती, तिचं नाव दरबार. खऱ्या गप्पांसाठी दुसरी, तिचं नाव ओसरी. पण ओसरीवर 'वा, छान लिहिलंत' यापलीकडे कुणी फारसं बसत नसे.

दरबाराच्या चालक राणीसाहेबच. नियमही त्यांचेच. पहिला नियम म्हणजे रोज एक तरी ओळ लिहायचीच. घेतला नेम मोडायचा नाही. आणि दुसरा नियम बुरुजाचा. आपलं पात्र आपणच लिहायचं. दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेतलं, तर ते पात्र बुरुजावरून खाली. गेल्या वर्षी राजवैद्यांनी आजारपणात आपल्या मावसभावाकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. राणीसाहेबांनी त्यांना भर दरबारात बुरुजावरून लोटून दिलं. वैद्यबुवा पडले ते पडलेच. ओसरीवरही पुन्हा दिसले नाहीत.

सुरुवातीला सगळं हौसेचं होतं. पण हौसेला नेमाचं कुंपण घातलं, की कधीतरी तिचा कोंडवाडा होतो. फोन वाजला की आता राणीसाहेब दचकायच्या. भाजी फोडणीला टाकली की प्रधानजींची शंका यायची. केसांना फणी लावली की फितूर सरदाराचा निरोप यायचा. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही आलात, पण आम्ही बोलावलं नव्हतं." बिचारा चपला पुन्हा पायात घालून उभा राहिला.

थकले म्हणून सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात फार यायचं. पण सांगायचं कुणाला? सेनापती रोज पानभर लिहायचा. प्रधानजी हाकेसरशी हजर. वर ओसरीवर लिहायचे, "राणीसाहेब, तुमच्याकडे बघूनच आम्हाला हुरूप येतो." ज्यांना आपल्यामुळे हुरूप येतो, त्यांच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने बसकण मारायची?

शेवटी डोळ्यांनीच हाय खाल्ली. दोन्ही डोळे गुंजेसारखे लाल झाले आणि चुरचुरायला लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना आपल्याच खुर्चीत बसवलं आणि हबकून विचारलं, "बाई, तुम्ही पापणी मिटता की नाही?"

"वेळ झाला की मिटते."

"आठवडाभर फोनला हात लावायचा नाही. नजर हवी की फोन हवा, तेवढं ठरवा."

डोळ्यांवर नोकरी होती. फोन घरी ठेवणं भाग होतं. पण नेम? जिने वैद्यबुवांना लोटलं, तिचाच नेम मोडला तर दरबार कसा टिकणार? असले दरबार एका खाड्याने मोडतात, हे राणीसाहेबांनी पाहिलं होतं. आज एकाचा खाडा पडतो, उद्या दुसऱ्याचा, आणि परवा तिथे कुत्रंही फिरकत नाही.

"त्यात काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "तू सांग, मी लिहिते."

सासूबाई मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त रेक्टर. आवाज मऊ, पण एकेकाळी त्या आवाजाने जिना उतरणाऱ्या मुली जागच्या जागी थांबायच्या.

राणीसाहेबांनी मनाची समजूत घातली. आपण सांगायचं आणि आईंनी नुसतं लिहायचं, यात बुरुजाचा नियम कुठे मोडतो? पहिल्या दिवशी तसंच झालं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात निघाल्या, तेव्हा ऐनवेळी काय लिहायचं ते सांगायला कोण असणार, असा प्रश्न आला.

"आई, राणी फार बोलत नाही. 'हं' म्हणते, 'बघू' म्हणते. माया दाखवत नाही. आणि क्षमा तर कुणालाच करत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग हिच्याजवळ लोक राहतात कशाला?"

"आई, प्लीज."

"बरं बाई. हं. बघू. झालं ना?"

तो दिवस कसाबसा पार पडला. पण तिसऱ्या दिवशी फितूर सरदाराला साखळदंडात दरबारात आणायचं ठरलं होतं. कित्येक महिने सगळ्यांनी मिळून हा कट विणला होता. राणी त्याला सुळाची शिक्षा देणार, त्यावरून सैन्य बंड करणार आणि त्या धामधुमीत तळघराची कडी उघडणार. अवघी गोष्ट त्या एका सुळावर टांगलेली होती. राणीसाहेबांनी सासूबाईंना तीन-तीनदा पढवलं, "फक्त लिहायचं, सुळी द्या. बाकी एक अक्षर नको."

संध्याकाळी त्या घरी आल्या, तर सासूबाई प्रसन्न चेहऱ्याने भाजी निवडत होत्या.

"आई, दिला सूळ?"

"अगं, तो आला ना आत, तेव्हा लिहिलं होतं त्याने, की कैदेत अन्नाचा कण पोटात गेला नाही. मी म्हटलं, आधी खाऊन घे, मग बोलू."

राणीसाहेबांनी भाजीची परात बाजूला सारली. "असं लिहिलंत तुम्ही?"

"उपाशी माणसाला कुणी रागावतं का? खाऊन आला, मग विचारलं, का केलंस रे असं? म्हणाला, मला कुणी आपलं म्हटलं नाही. आता यावर काय बोलणार? सोडून दिलं."

"सोडून दिलं!"

"नुसतं नाही. धान्यकोठाराच्या किल्ल्या दिल्या त्याच्याकडे. वसतिगृहात मी नेहमी तेच करायची. जी मुलगी खाऊ चोरायची, तिच्याकडेच कपाटाची किल्ली. पुन्हा कधी चोरी नाही झाली."

राणीसाहेबांनी नवऱ्याला पुढचं वाचायला बसवलं. नवरा वाचत गेला. सेनापतीने लिहिलं होतं, 'हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.' सेनापती! मालिकेत ज्याने स्वतःच्या पायातला बाण स्वतः उपटला होता, तो! प्रधानजींनी लिहिलं होतं, 'राणीसाहेब, आज बरं वाटलं.' कुणी चिडलं नव्हतं, भांडलं नव्हतं. राणीसाहेबांना तेच जास्त भयंकर वाटलं. वादळाआधी वारा असाच पडतो.

"आणि ओसरीवर एक निरोप आहे," नवरा म्हणाला. "प्रधानजींचा. 'उद्या संध्याकाळी सर्वांनी फोनवर प्रत्यक्ष बोलायला यावे. गंभीर बाब आहे. बुरुजाच्या नियमाविषयी बोलायचे आहे.'"

"संपलं," राणीसाहेब म्हणाल्या.

"एवढं काय त्यात? लोटतील फार तर. खरोखरचं थोडंच पडायचंय?"

"वैद्यबुवाही खरोखरचे पडले नव्हते!" असं त्या म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की वैद्यबुवा बहुधा खरोखरचेच पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी एका आजोबांना मुलीच्या मापाची फ्रेम दिली. आजोबा आरशात बघून "छान आहे" म्हणाले, म्हणून कुणाला कळलं नाही. संध्याकाळ झाली. स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन उताणा ठेवला गेला. एका बाजूला डोळ्यांत औषध घालून मिटल्या पापण्यांनी राणीसाहेब, दुसऱ्या बाजूला सासूबाई, आणि दारात नवरा. पळायची वाट त्यानेच अडवली होती.

फोनमधून एकेकजण आल्याची खूण वाजत गेली. मग कुणीतरी खाकरलं. "मी प्रधान."

आवाज कोवळा होता, पार रडवेला. सगळ्यांना राजनीती शिकवणारे प्रधानजी कॉलेज संपवलेल्या वयाचेही वाटेनात. लोटण्यापेक्षा आपणच उडी मारलेली बरी, असं ठरवून राणीसाहेबांनी तोंड उघडलं, एवढ्यात प्रधानजीच म्हणाले,

"मला बुरुजावरून लोटा."

"काय?"

"नोकरी नवीन लागली हो माझी. मानेला पट्टा लागलाय. महिना झाला, माझी वहिनी लिहितेय प्रधान. मला राहवेना. काल राणीसाहेबांनी फितुरालासुद्धा माफ केलं, तेव्हा वाटलं, आपणही सांगून टाकावं."

मग एक घोगरा, वयस्क आवाज आला. "मग मलाही लोटा. मी सेनापतीचा बाप."

"सेनापती कुठाय?"

"झोपलाय. त्याला सारखी झोपच येते हल्ली. पोरगं रडकुंडीला आलं होतं, पण सोडेना. म्हणायचं, बाबा, ते सगळे इतकं छान लिहितात, मीच कसा मागे पडू? मग म्हटलं, दे इकडे. मी बस चालवायचो. गाडी थांबवायची नाही, एवढं मला जमतं."

"म्हणजे काल डोळ्यांत पाणी आलं ते..."

"माझ्याच आलं."

हसावं की रडावं, हे राणीसाहेबांच्या डोळ्यांना कळेना, म्हणून औषधासकट सगळंच गालावर उतरलं. त्यांनी सांगून टाकलं. सगळंच सांगितलं. फोनचा धसका, दारात उभा राहिलेला नवरा, डॉक्टर, आणि आई. "गेले चार दिवस राणी मी नाहीच. तुम्हाला कालची जी राणी आवडली, ती माझी सासू आहे."

"नमस्कार," सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या.

"थांबा, थांबा," एक नवा आवाज आला. पुरुषाचा, दमलेला. "म्हणजे या अख्ख्या दरबारात स्वतःचं स्वतः लिहिणारा मी एकटाच?"

"आपण कोण?"

"फितूर."

मग सेनापतीचे वडील असे हसले, की फोन टेबलावर सरकला. त्यांच्यामागून प्रधानजी हसले आणि दारातला नवराही. अवघा दरबार बदली, आणि निष्ठावंत तेवढा फितूर!

"हसा," फितूर म्हणाला. "मीही थकलोय हो. केव्हाचाच. पण माझ्या घरी कुणी नाही लिहायला द्यायला. एकटाच असतो. म्हणून रोज मीच."

हसू जागच्या जागी थांबलं.

"काल लिहिलं होतंस ना, पोटात अन्नाचा कण नाही," सासूबाईंनी हळूच विचारलं, "ते गोष्टीतलं, की..."

"दोन्हीतलं. तुम्ही खाऊन घे म्हणालात, तेव्हा उठलो आणि भात लावला."

"आज जेवलास?"

"बघू, नंतर."

"मग ऊठ. आम्ही थांबतो."

आणि दरबार खरंच थांबला. कुणी फोन ठेवला नाही. पलीकडे नळ सोडल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज येत राहिला. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी बुरुजाचा नियम मोडीत काढला. दमेल त्याने सांगायचं आणि रिकामा असेल त्याने लिहायचं, असं ठरलं. राणीसाहेबांनी नवऱ्याकरवी वैद्यबुवांना निरोप धाडला, की बुरुजाखाली गवताची गंजी होती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं, तेव्हा कृपा करून परत यावं. वैद्यबुवांचं उत्तर लगेच आलं. एवढंच लिहिलं होतं, 'पाय मुरगळलाय. लंगडत येतो.'

डोळे बरे झाले. पण सासूबाईंनी गादी काही सोडली नाही. "आता मधेच राणी बदलली, तर लोकांना काय वाटेल?" असं त्या म्हणायच्या. राणीसाहेबांनीही हट्ट धरला नाही. त्या भाजी निवडायच्या, आणि फोन वाजला की दचकण्याऐवजी नुसत्या विचारायच्या, "कोण आलंय, आई?" तळघर मात्र उघडायचं राहूनच गेलं, कारण कोठाराच्या किल्ल्या सांभाळता सांभाळता फितुरासाठी स्थळं बघायचं काम दरबारात निघालं होतं.

एके दुपारी सासूबाई पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात आल्या. सून फोडणी देत होती. सासूबाईंनी फोन ओट्यावर ठेवला, मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, ऐक ना. सेनापती सकाळपासून दारात उभाय. आज मला काही म्हणजे काही सुचत नाहीये. एवढा एक दिवस माझ्या जागी तू बसशील?"

"अहो आई, तसं ओसरीवर सांगा की. आता नियम नाही."

"नको गं. सगळे म्हणतात, तुमच्याकडे बघूनच हुरूप येतो." सासूबाईंनी फोन तिच्या हातात दिला. "आणि हे बघ, फार कडक बोलू नकोस. लगेच ओळखतील, ही खरी राणी नाही म्हणून."